जेलने आग होते तेव्हा: खोक्यामागची बारीक अक्षरं कशी वाचायची

दुकानात गर्दी असली की काही बायका काउंटरच्या टोकाला थांबून राहतात. बाकीची गिऱ्हाइकं गेली की पुढे येतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "ताई, ते कोरडेपणाचं काहीतरी द्या ना." तालुक्याच्या गावात औषधाचं दुकान चालवायला लागून मला २२ वर्षं झाली, त्यामुळे हे वाक्य पुरतं ओळखीचं आहे. त्यातल्या काही जणी आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा येतात, तेव्हा म्हणतात, "खाली फार आग होतेय, मलम द्या." आग कधीपासून, असं विचारलं की हिशेब जुळतो: संबंधाच्या वेळी योनीत लावायचं जेल नेलं त्या आठवड्यापासून. पण जेलमुळे हे झालं असेल असं त्यांच्या मनातही आलेलं नसतं. आपल्याच अंगात काहीतरी बिघडलंय, असं धरून त्या आलेल्या असतात.

मी स्वतःही त्यातून गेले आहे. पाळी थांबल्यावर, ४९व्या वर्षी, मी माझ्याच रॅकवरचं 'उबदार अनुभव' असं लिहिलेलं एक जेल घरी नेलं. दोन मिनिटांत अशी आग सुरू झाली की उठून मोरीत जाऊन पाणी ओतत बसले. सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम केलं ते खोका उलटा करून, भिंग लावून मागची यादी वाचण्याचं. पाण्याच्या आधी, सगळ्यात पहिलं नाव होतं प्रॉपिलीन ग्लायकॉल. औषधनिर्माणशास्त्र शिकलेली मी, असे कितीतरी खोके विकलेली, आणि मागची बाजू तेव्हा पहिल्यांदा वाचत होते. त्यानंतर जे वाचलं, तपासलं, गिऱ्हाइकांकडून शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. मराठीत 'वंगण' असा शब्द आहे, पण दुकानात तो कुणी वापरत नाही. लोक जेल म्हणतात, तरुण मुलंमुली ल्युब म्हणतात. मी जेलच म्हणेन.

आधी कोरडेपणा कुठून आला ते पाहा

जेल विकत घेण्याआधीची ही पायरी बहुतेक जण गाळतात. योनिमार्गाचा ओलावा मुख्यतः इस्ट्रोजेन या संप्रेरकावर अवलंबून असतो. ते कमी झालं की आतलं अस्तर पातळ होतं, ताण सहन करत नाही आणि कोरडं पडतं.

पाळी जाण्याच्या सुमाराला हे होतं. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे, त्यामुळे पंचेचाळिशीतच त्रास सुरू झाला तर नवल नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही हेच होतं, कारण दूध येत असताना इस्ट्रोजेन खाली असतं. सव्वा महिना झाला, टाके भरले, आता सगळं पूर्ववत व्हायला हवं अशी घरात अपेक्षा असते. पण बाळ दूध पितंय तोवर कोरडेपणा राहू शकतो, आणि त्यात त्या बाईचा दोष नाही. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनोइन, स्तनाच्या कर्करोगानंतर दिली जाणारी संप्रेरक रोखणारी औषधं यांनीही कोरडेपणा येतो.

आणि एक साधं कारण, जे सांगायला अवघड जातं: शरीर तयारच झालेलं नसतं. घाई असते, भीती असते, पलीकडच्या खोलीत सासू-सासरे जागे असतात. अशा वेळी जेल उपयोगी पडतं, पण वेळ देण्याची जागा ते घेऊ शकत नाही. संबंधाच्या वेळी आतले स्नायू आवळून घट्ट होत असतील आणि बोटसुद्धा सहन होत नसेल, तर तो व्हजायनिस्मस असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, ओटीपोटाच्या स्नायूंचा फिजिओथेरपिस्ट लागतो. नुसतं जेल बदलत राहून तो जात नाही.

पाण्याचं, सिलिकॉनचं की तेलाचं

पाण्याचं जेल सगळ्यात जास्त विकलं जातं. धुऊन निघतं, डाग पडत नाहीत, लॅटेक्सच्या, म्हणजे रबराच्या, कंडोमबरोबर चालतं. पण ते लवकर सुकतं, आणि ते सुकू नये म्हणून कंपन्या त्यात जे घालतात तिथेच बऱ्याचशा त्रासाचं मूळ असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

सिलिकॉनच्या जेलमध्ये पाणीच नसतं. डायमेथिकोन, डायमेथिकोनॉल अशी दोन-तीन नावं असतात आणि यादी संपते. ते अंगात शोषलं जात नाही, बराच वेळ टिकतं, लॅटेक्सला धक्का लावत नाही. बहुतेक कंडोमना कारखान्यातच जे लावलेलं असतं ते सिलिकॉनचंच तेल असतं. ज्यांची त्वचा कशालाही चिडते त्यांना मी आधी हेच सुचवते. अडचणी दोन: किंमत जास्त, आणि फरशीवर सांडलं तर पाय घसरतो, साबणाने घासल्याशिवाय जात नाही. सिलिकॉनच्या खेळण्यांना मात्र ते लावू नये, त्यांचा पृष्ठभाग खराब होतो.

तेल आणि लॅटेक्स एकत्र आणायचे नाहीत. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लॅटेक्सच्या कंडोमला मिनिटभर खनिज तेल लावलं आणि त्याची फुगण्याची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटली. डोळ्यांना काही दिसत नाही, कंडोम तसाच दिसतो. खोबरेल, बेबी ऑइल, व्हॅसलिन, बॉडी लोशन, तूप यांतलं काहीही याला अपवाद नाही. बुरशीसाठी आत ठेवायच्या काही गोळ्या आणि क्रीमचा पायाही तेलकट असतो, तेव्हा तो कोर्स चालू असताना कंडोमवर विसंबू नका.

खोका उलटा करा

इथे थोडा वेळ द्या, कारण जाहिरात पुढच्या बाजूला असते आणि खरी माहिती मागे. मोबाइलचा कॅमेरा लावून अक्षरं मोठी करा. घटक साधारणपणे उतरत्या क्रमाने दिलेले असतात, जे जास्त ते आधी. म्हणून पहिली तीन-चार नावं सगळ्यात महत्त्वाची.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं आणि फोडी लवतात. बाहेर मीठ जास्त असलं की ते पेशींतलं पाणी ओढून घेतं. योनीच्या अस्तरावर जास्त कण विरघळलेलं जेल लावलं की तेच होतं. पेशी पाणी सोडतात, आक्रसतात, वरचा थर सुटू लागतो. सुरुवातीला उलट ओलसर वाटतं, कारण आपलंच पाणी बाहेर आलेलं असतं. मग चुणचुण, मग आग, दुसऱ्या दिवशी आणखी कोरडं. शिवाय वरचा थर उखडला की जंतूंना आणि विषाणूंना आत शिरायला वाट मिळते.

ही ओढ मोजायच्या मापाला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. आपल्या रक्ताची ती सुमारे २९० मिलिऑस्मोल प्रति किलो असते. जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीबरोबर २०१२ साली कंडोमसोबत वापरायच्या जेलविषयी एक सूचनापत्र काढलं. त्यात म्हटलं आहे की जेलचा आकडा ३८०पेक्षा कमी असावा हे उत्तम. पण बाजारातली बरीचशी जेलं त्यात बसणार नाहीत हे ओळखून, निदान १२००च्या वर जाऊ नये अशी तूर्त मर्यादा त्यांनी घातली. प्रयोगशाळेत मोजलेल्या काही लोकप्रिय जेलांचे आकडे मात्र काही हजारांत निघाले आहेत.

आपल्याकडच्या खोक्यांवर हा आकडा क्वचितच सापडतो. मग अंदाज कसा घ्यायचा? ग्लिसरिन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल शोधा. त्याच सूचनापत्रात ग्लिसरिन वजनाच्या ९.९ टक्क्यांपेक्षा आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल ८.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं दिलं आहे. या आकड्यांमागे साधा हिशेब आहे: एवढं मिसळलं की जेल जवळपास १२००ला टेकतं. म्हणजे खोक्यावर 'पाणी' हे पहिलं नाव आणि 'ग्लिसरिन' हे लगेच दुसरं असेल, तर मर्यादा ओलांडली गेल्याची शक्यता बरीच आहे. माझ्या त्या खोक्यासारखं पाण्याच्याही आधी ग्लायकॉल असेल, तर खोका परत ठेवा. ग्लिसरिन स्वतः वाईट नाही. हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना आपण तेच लावतो. पण टाचेची जाड कातडी वेगळी आणि आतलं नाजूक अस्तर वेगळं. सॉर्बिटॉलचंही असंच.

ग्लिसरिनमुळे बुरशी वाढते, असंही सांगितलं जातं. साखरेचं भावंड आहे म्हणून तसं वाटणं साहजिक आहे, पण त्याचा ठोस पुरावा मला सापडलेला नाही. माझी त्यावरची हरकत ऑस्मोलॅलिटीची आहे, आणि तेवढी पुरेशी आहे.

यादीत हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज, झँथन गम किंवा कॅराजिनान दिसलं तर घाबरू नका. दाटपणासाठी ते घालतात. त्यांचे रेणू मोठे असतात, त्यामुळे दाटपणा येतो पण कणांची संख्या वाढत नाही. पाण्यानंतर लगेच असं एखादं नाव असणं ही मी चांगली खूण समजते.

दुसरं माप आहे पीएच, म्हणजे आम्लता. आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. पाळी चालू असलेल्या बाईच्या योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू राहतात. दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंच्या गोत्यातले. ते लॅक्टिक आम्ल बनवून तिथला पीएच ३.८ ते ४.५च्या आसपास ठेवतात आणि उपद्रवी जंतूंना पाय रोवू देत नाहीत. म्हणून योनीसाठीचं जेल ४.५च्या जवळपास असावं. यादीत लॅक्टिक ॲसिड किंवा सायट्रिक ॲसिड दिसतं ते यासाठीच. पाळी गेल्यावर तिथला पीएच ५च्या वर सरकतो, तेव्हा जास्त आम्लधर्मी जेल काहींना झोंबतं. अशा वेळी थोडं कमी आम्लधर्मी किंवा सिलिकॉनचं वापरून पाहा. गुदमार्गासाठी हिशेब निराळा. तिथला पीएच उदासीन, सातच्या आसपास, अस्तर पेशींच्या एकाच थराचं, आणि स्वतःचा ओलावा नाही. म्हणून तिथे ऑस्मोलॅलिटी कमी असणं आणखी महत्त्वाचं, आणि सिलिकॉनचं जेल जास्त सोयीचं.

आता टिकवणारी द्रव्यं. पाणी असलेलं काहीही टिकवायला काहीतरी लागतंच, नाहीतर ट्यूबमध्येच बुरशी धरेल. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट यांबद्दल तक्रारी कमी येतात. पॅराबेनची भीती मात्र पुराव्यापेक्षा मोठी झाली आहे. त्यांची ॲलर्जी इतकी विरळ की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संपर्क-ॲलर्जी संस्थेने २०१९ साली त्यांना मुद्दाम 'ॲलर्जी न देणारा घटक' म्हणून पुढे आणलं. दुसरा पर्याय हाताशी असेल तर मी तो घेईन, पण निव्वळ पॅराबेन आहे म्हणून चांगलं जेल फेकणार नाही. त्याच संस्थेने २०१३ साली वर्षातला ठळक ॲलर्जीकारक म्हणून निवडलेलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन मात्र यादीत दिसलं तर घेऊ नका. ओल्या टिश्यूंमध्येही ते असायचं, त्यामुळे 'जेल बदललं तरी खाज जात नाही' अशी तक्रार असेल तर पर्समधल्या टिश्यूचं पाकीटही वाचा. इमिडाझोलिडिनाइल युरिया आणि डीएमडीएम हायडॅन्टॉइन ही नावंही टाळा, त्यांतून थोडंथोडं फॉर्माल्डिहाइड हे ॲलर्जी देणारं रसायन सुटतं. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक उपकारक लॅक्टोबॅसिलसनाही मारतं, रोजच्या वापराच्या जेलमध्ये त्याचं काही काम नाही.

नॉनऑक्सिनॉल-९ हे शुक्रजंतू मारणारं रसायन वेगळं सांगायला हवं. त्याने एचआयव्हीपासूनही संरक्षण मिळेल अशी एकेकाळी आशा होती. बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमधल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल २००२ साली प्रसिद्ध झाले आणि उलटंच निघालं. वारंवार वापरणाऱ्यांच्या अस्तराला जखमा झाल्या आणि संसर्गाचा धोका वाढला. खोक्यावर हे नाव दिसलं तर ते जेल घेऊ नका.

राहिली मिरवायची द्रव्यं. 'उबदार' म्हणजे मिरचीतलं कॅप्सायसिन, मिथाइल निकोटिनेट किंवा नुसतं भरपूर ग्लिसरिन-ग्लायकॉल. 'थंड' म्हणजे मेन्थॉल, पेपरमिंट. 'सुगंधी' म्हणजे परफ्यूम, आणि त्या एका शब्दाखाली डझनावारी रसायनं मावतात. स्ट्रॉबेरी-चॉकलेटचे स्वाद मुखमैथुनापुरते ठीक, आत नकोत. 'जास्त वेळ टिकणारं' असं लिहिलेल्या स्प्रेमध्ये आणि काही कंडोमच्या आतल्या बाजूला लिडोकेन किंवा बेंझोकेन हे बधिर करणारं औषध असतं. पुरुषाने ते पुसलं नाही तर ते जोडीदाराच्या अंगाला लागतं. मग दुखलं तरी तिला कळत नाही, आणि जखम दुसऱ्या दिवशी समजते. दुखणं ही शरीराची सूचना आहे, ती बंद करायची नसते.

घरातलं काय चालतं

खोबरेल हा आपल्याकडचा जुना उपाय. कंडोम वापरायचा नसेल आणि बाहेरच्या बाजूला, योनीच्या ओठांच्या कोरड्या कातडीवर थोडं लावायचं असेल तर साधं, बिनवासाचं खोबरेल बऱ्याच जणींना चालतं. आत भरू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आत तेल वापरणाऱ्या बायकांमध्ये कँडिडा ही बुरशी जास्त आढळली, आणि आत व्हॅसलिन वापरणाऱ्यांत जिवाणूंचा समतोल बिघडण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीच्या आसपास होतं. केसांचं सुगंधी, औषधी तेल तर अजिबात नको.

कोरफडीचं बाटलीतलं हिरवं जेल चेहऱ्यासाठी बनवलेलं असतं, त्यात रंग, वास, कधी अल्कोहोलही असतं. कुंडीतल्या पानाचा ताजा गर निर्जंतुक नसतो आणि सालीजवळचा पिवळा चीक झोंबतो. थुंकी लगेच सुकते आणि तोंडातले जंतू सोबत नेते. सोनोग्राफीचं जेल पोटाच्या कातडीसाठी असतं.

तुरटी, आणि 'घट्ट करणारी' जेलं व गोळ्या, हा प्रकार मला फार त्रास देतो. तुरटी अस्तर आक्रसवते आणि कोरडं करते, म्हणजे आपण जे टाळायला निघालो आहोत तेच ती मुद्दाम घडवते. बाळंतपणानंतर नवरा काय म्हणेल या धास्तीने मुली हे विचारायला येतात. मी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवते आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम समजावून सांगते.

आत धुवायचं तर काहीच नाही, ना साबण, ना जंतुनाशक पाणी, ना इंटिमेट वॉश. योनी स्वतःला स्वच्छ ठेवते. बाहेरून साधं पाणी पुरतं.

मांडीवरची चाचणी

नवं जेल आणलं की त्याच रात्री वापरू नका. मांडीच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत सकाळ-संध्याकाळ थोडं लावा. हाताच्या कोपराच्या खोबणीतही चालेल. हे किमान चार-पाच दिवस करा, आणि त्वचा नाजूक असेल, इसब असेल तर आठवडाभर.

एवढे दिवस का, तर त्रासाचे दोन प्रकार आहेत. एक थेट चिडचिड: लावताच किंवा काही मिनिटांत आग, धुतल्यावर हळूहळू कमी. दुसरी ॲलर्जी: ती उमटायला एक ते तीन दिवस लागतात. आधी खाज, मग लाली, बारीक पुरळ. शुक्रवारी वापरलं आणि रविवारी खाज सुटली, तर कुणाला शुक्रवार आठवत नाही. म्हणून ट्यूबवर पेनने उघडल्याची तारीख लिहा आणि त्या आठवड्यात दुसरं काही नवं, साबण असो की पॅड, सुरू करू नका.

मांडीने कौल दिला की बाहेरच्या ओठांच्या कडेला थेंबभर लावून रात्रभर पाहा. मगच आत.

वापरताना

हात धुतलेले, नखं कापलेली. आधी चणाडाळीच्या दाण्याएवढं बोटावर घ्या, अंगठ्याने चोळून पाहा. चिकट तार येत असेल तर ते लवकर सुकून ओढ बसवेल. मग अर्धा चमचाभर घेऊन योनीच्या तोंडाशी आणि थोडं आत लावा, आणि कंडोमच्या किंवा लिंगाच्या बाहेरूनही. कंडोमच्या आत भरपूर जेल घातलं तर तो निसटतो, तिथे थेंबभर पुरे. मध्येच सुकलं तर नवं जेल घालण्याआधी बोट पाण्यात बुडवून दोन-चार थेंब पाणी लावून पाहा. पाण्याचं जेल त्याने पुन्हा ओलं होतं, आणि कणांचं प्रमाणही वाढत नाही. नंतर दोघांनीही लघवी करून यावं, बाहेरून पाण्याने धुवावं.

मूल होण्यासाठी प्रयत्न करत असाल तर ही वेगळी वाट आहे. नेहमीची आम्लधर्मी, घट्ट जेलं शुक्रजंतूंची हालचाल मंदावतात. वीर्याचा पीएच ७.२च्या वर असतो. त्याच्याशी जुळवलेली, 'गर्भधारणेस पूरक' असं लिहिलेली जेलं मिळतात, तीच घ्या. थुंकीही शुक्रजंतूंना चालत नाही.

पाळी गेलेल्या बायकांना मी आणखी एक गोष्ट सांगते. जेल त्या वेळेपुरतं असतं. रोजची आग, चालताना घासणं, लघवीला सारखं जावं लागणं असेल तर मॉइश्चरायझर हवं. हायलुरॉनिक ॲसिड असलेलं आत लावायचं जेल आठवड्यातून दोन-तीन रात्री, संबंध असोत वा नसोत, नेमाने. आणि त्यानेही भागलं नाही तर डॉक्टरांकडे इस्ट्रोजेनच्या क्रीमबद्दल स्पष्ट विचारा. आत लावायचं ते अगदी कमी मात्रेचं औषध आहे, पातळ झालेलं अस्तर ते पुन्हा जाड करतं. 'या वयात कशाला' हे उत्तर ऐकून घरी येऊ नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आग झालीच तर

थांबा. सहन करून पुढे जाऊ नका, जोडीदारालाही तसं सांगा. बाहेरून कोमट किंवा गार पाण्याने धुवा. आत पाण्याचा फवारा मारू नका आणि साबण लावू नका. सिलिकॉनचं जेल असेल तर मऊ ओल्या कापडाने टिपून घ्या. सुती कापडात गुंडाळलेली गार पट्टी पाच-दहा मिनिटं बाहेरून ठेवा, बर्फ थेट नको. लघवी करताना झोंबत असेल तर मगाने कोमट पाणी ओतत लघवी करा, जळजळ निम्मी होते. चार-पाच दिवस सैल सुती कपडे, रात्री आतले कपडे नाहीत, आणि संबंध नाहीत. बाहेरच्या चिडलेल्या कातडीवर व्हॅसलिनचा पातळ थर लघवीपासून बचाव करतो. इथे ते आत जात नाही, त्यामुळे चालतं, फक्त कंडोमच्या दिवशी नको.

एक काम करू नका. खाज आली की लोक दुकानात येऊन तीन-चार औषधं एकत्र असलेली खाजेची ट्यूब मागतात. त्यांत बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ते चांगलं वाटतं. पण कातडी पातळ होते, बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरते, आणि ट्यूब बंद केली की दुप्पट खाज. ही ट्यूब चिठ्ठीशिवाय मागू नका, कुणी दिली तरी घेऊ नका.

जेलची चिडचिड दोन-तीन दिवसांत उतरायला हवी. नाही उतरली तर दुसरं काहीतरी आहे. दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जाणं आणि कडक खाज म्हणजे बहुधा बुरशी. पातळ करडं पाणी आणि मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर, म्हणजे जिवाणूंचा समतोल बिघडलेला. हिरवट-पिवळं, फेसाळ जाणं म्हणजे ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा परजीवी असू शकतो, त्यात जोडीदारालाही औषध लागतं. बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासा. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळेही खालच्या भागात बुरशी धरते, बायकांना आणि पुरुषांनाही. औषध स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना ही तक्रार सांगा.

प्रत्येक वेळी कंडोमबरोबरच त्रास होत असेल आणि जेल बदलूनही फरक नसेल तर लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते. पॉलियुरेथेनचा कंडोम वापरून पाहा. तोंडाचे ओठ सुजणं, अंगभर गांधी, धाप लागणं असं झालं तर तडक दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे जायचं ते कधी, आणि काय घेऊन

फोड किंवा व्रण, ताप, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ होऊन थंडी वाजणं: त्याच दिवशी. संबंधानंतर रक्त दिसणं, मग ते एकदाच का असेना: गर्भाशयाचं तोंड तपासून घ्या. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभरही रक्त: थांबू नका, कोरडेपणाने झालं असेल असं घरच्या घरी ठरवू नका. बाहेरच्या ओठांवर पांढरे, चुरगळलेल्या कागदासारखे चट्टे आणि रात्री झोपमोड करणारी खाज म्हणजे लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. वर्षानुवर्षं बुरशी समजून त्यावर चुकीची मलमं लावली जातात. त्याला योग्य उपचार आहेत, पण ते तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

जाताना जेलचा खोका सोबत न्या, निदान मागच्या बाजूचा फोटो. साबण, पॅड, टिश्यू, कपड्यांचा साबण-पावडर यांचेही. केव्हा लावलं, किती वेळाने आग झाली, किती दिवस राहिली हे कागदावर लिहून न्या, कारण तपासणीच्या टेबलावर आठवत नाही. बोलायला संकोच वाटला तर कागदच पुढे करा. आमच्या गावच्या एका मावशींनी वहीचं पान फाडून तसं केलं होतं. डॉक्टरबाईंनी ते वाचलं, जेल बंद केलं, इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलं आणि महिन्याने पुन्हा बोलावलं.

आणि माझ्यासारख्या कुणाच्या दुकानात आलात तर 'कोरडेपणाचं काहीतरी' म्हणू नका. म्हणा: "पाण्याचं जेल हवंय. बिनवासाचं, गरम-थंड काही नसलेलं, ग्लिसरिन पहिल्या तीन नावांत नसलेलं. नाहीतर साधं सिलिकॉनचं. खोका आधी हातात द्या, मागची बाजू वाचते."